मेंढरांपाशी कोण

फोन सात वेळा वाजला आणि कुणी उचलला नाही. छपाईच्या दुकानात तेव्हा चार माणसं होती. मालक आतल्या खोलीत कागद कापत होता, त्याची मुलगी संगणकावर कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका जुळवत होती, एक गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं. चौथा मानसिंग भोरे. त्याच्या हातात नुकताच छापून आलेला, अजून गरम असलेला कागद होता. फोन भिंतीवर टांगलेला, जुन्या पद्धतीचा, तारेचा. असा फोन सांगलीत अजून कुठे वाजत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्या घंटीला तो दचकला, दुसरीला त्यानं मोजायला सुरुवात केली, आणि पाचवीला त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात शर्टाच्या खिशावर, चष्म्याच्या डबीवर गेला आहे. सातवीनंतर फोन थांबला. मालक आतूनच म्हणाला, वाजू दे, कंपनीवाले असतात, दिवसभर छळतात. त्याची मुलगी हसली. मानसिंग हसला नाही. त्यानं कागद पुन्हा वाचला. रविवारची उपासना, नाताळचा देखावा, त्याखाली ठळक अक्षरांत ‘मेंढपाळांची निष्ठा’, आणि त्याखाली, विचार मांडतील श्री. मानसिंग भोरे, निवृत्त ऑक्सिजन ऑपरेटर, करोना योद्धा. नाव बरोबर छापलं होतं. काना-मात्रेची एकही चूक नव्हती. चूक असती तर कागद परत करता आला असता.

हे काम त्याच्या गळ्यात पाळकसाहेबांनी घातलं होतं. जयराज लोंढे, वय चौतीस, दोन वर्षांपूर्वी या चर्चमध्ये आलेले, उत्साही आणि सगळ्यांना नावानं ओळखणारे. त्यांचं म्हणणं असं की दर वर्षी पाळकानंच बोलायचं आणि मंडळींनी जांभया द्यायच्या, हे पुरे झालं. यंदा ज्यानं आयुष्यभर राखण केली त्यानं राखणदारांवर बोलावं. मंडळीत असा माणूस एकच. साडेचार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, अख्खं शहर दारं लावून बसलं असताना, सहकारी तापानं पडलेला असताना, मानसिंग भोरे एकटा रुग्णालयाच्या ऑक्सिजनच्या खोलीत तेवीस दिवस सुट्टी न घेता बसून होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला शाल मिळाली होती. फोटो पेपरात आला होता. पाळकांनी फोनवर तीन मुद्देही सांगून टाकले. मेंढपाळांनी ऐकलं, ते ताबडतोब गेले, आणि परत येऊन त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. ऐकणं, जाणं, सांगणं. पाच मिनिटं, फार ताणू नका. मानसिंग हो म्हणाला. नाही म्हणायला कारण लागतं, आणि त्याच्याकडे कारण एकच होतं.

स्कूटर विश्रामबागेतून बाहेर काढताना त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकावं लागलं. डिसेंबरातली दुपार, हवेत मळीचा आंबूस वास, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेलं गाणं. मागच्या ट्रॉलीतला ऊस हलत होता आणि मानसिंगच्या डोळ्यांसमोर ऑक्सिजनच्या दाबाचा काटा हलत होता. त्या खोलीत भिंतीला लागून सिलिंडरच्या दोन रांगा होत्या, डावीत दहा, उजवीत दहा. एक रांग चालू असताना दुसरी भरून तयार ठेवायची. चालू रांगेचा काटा तांबड्या रेषेजवळ आला की दुसरीची चावी उघडायची आणि पहिलीची बंद करायची, एवढंच काम. ते आपोआप करणारं यंत्र होतं, पण ते मार्चपासून बंद होतं आणि दुरुस्त करणारा येतो येतो म्हणत होता. धोक्याचा भोंगाही त्याच यंत्रावर चालायचा, त्यामुळे तोही मुका. एरवी एक रांग चार-पाच तास पुरायची. त्या मे महिन्यात ती पाऊण तासात संपत होती. पाऊण तास काट्याकडे बघायचं, पान्हा फिरवायचा, रिकामे सिलिंडर हमालांकडून बाहेर काढायचे, भरलेले जोडायचे, पुन्हा काट्याकडे बघायचं. वर तीन मजल्यांवर माणसं होती. मानसिंगला ती कधी दिसली नाहीत. त्यांचा श्वास त्याला एका काळ्या काट्याच्या रूपात दिसायचा, आणि काट्याला तोंड नसतं.

शुक्रवारी तो मेंढरं बघायला धामणी रस्त्याला गेला. यंदा देखाव्यात पुठ्ठ्याची मेंढरं नकोत, खरी हवीत, असंही पाळकांनीच ठरवलं होतं. जतकडचे धनगर दिवाळी झाली की कळप घेऊन खाली नदीकाठाला उतरतात आणि ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, मेंढरांना चारा. एका मोकळ्या वावरात गुंडा नावाच्या धनगराचा तळ होता. घोडं, दोन कुत्री, चुलीपाशी बायका, आणि मधोमध वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीच्या जाळीचं कुंपण. गुंडा सत्तरीचा असावा. त्यानं मानसिंगला घोंगडीवर बसवलं, चहा दिला, आणि चार मेंढरं रविवारच्या सकाळपुरती हवीत हे ऐकून बराच वेळ मान हलवली.

“आमची मेंढरं तुमच्या देवळात? आवं, घाण करतील की.”

करू देत, झाडून घेऊ, असं मानसिंग म्हणाला. तेव्हा गुंडानं निदान कशापायी लागतात ती गोष्ट तरी सांगा म्हटलं, आणि मानसिंगनं सांगितली. सहा वर्षांचा असल्यापासून दर नाताळात ऐकलेली गोष्ट. रानात कळप राखणारे मेंढपाळ, अंधार, एकाएकी पडलेला उजेड, बाळ जन्मल्याची बातमी सांगणारा दूत, आणि सगळं टाकून गावाकडे धावलेले ते लोक. गव्हाणीत निजलेलं बाळ. गुंडा ऐकत होता तो देवाधर्माची गोष्ट ऐकल्यासारखा नव्हे. शेजारच्या तळावर काल काय घडलं ते ऐकावं तसा. किती जण होते, त्यानं विचारलं. लिहिलेलं नाही. कळप केवढा? तेही नाही. कुत्रं होतं का? मानसिंगला कधी कुत्र्याचा विचार सुचला नव्हता.

“आन् समदेच गेले?” गुंडानं विचारलं.

“सगळेच.”

“मग मेंढरांपाशी कोण?”

मानसिंगनं कप खाली ठेवला. लिहिलेलं नाही, तो म्हणाला.

“लिवणारा धनगर नसंल,” गुंडा म्हणाला. चुलीपाशी बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. ती त्याची भावजय, चंद्राबाई. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळ मोकळं. गुंडा पुढं म्हणाला की एखादा थांबलाच असणार. जो थांबतो त्याचं नाव कोण लिहितंय? गेलेल्याची गोष्ट होते, थांबलेल्याची होत नाही. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मेंढीच्या खुरातला काटा काढावा तशा सावकाश, सवयीच्या आवाजात सांगितलं.

वाघरीत मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांच्या श्वासानं जाळी हलत होती, आत, बाहेर, आत, बाहेर. मानसिंगला तिथून उठायचं होतं. त्याऐवजी त्यानं विचारलं की समजा कुणीच थांबलं नसेल तर, आणि तेवढ्यात लांडग्यानं एखादं नेलं असेल तर.

“तर मग कान आणला असंल,” गुंडा म्हणाला.

हा त्यांच्या तळाचा रिवाज होता. ज्याच्या राखणीत मेंढरू गेलं, त्यानं रान तुडवून ते शोधायचं, उरलंसुरलं सापडलं की कळपाच्या खुणेचा कान कापून आणायचा आणि तळाच्या म्हाताऱ्यापुढं ठेवायचा. तोंडानं सांगायचं, मी झोपलो होतो, किंवा मी उठून गेलो होतो, जे असेल ते. तो सांगेपर्यंत कुणी विचारायचं नाही. आणि नाही आणला तर, मानसिंगनं विचारलं.

“तर काय? मारत न्हाईत कुणी. त्यो आपला बरुबर चालतो, जेवतो, बसतो. पर त्याला परत राखण देत न्हाईत. त्याला ठावं आस्तं, समद्यास्नी ठावं आस्तं.” गुंडानं चिलमीसाठी खिसा चाचपला. “कानानं मेंढरू माघारी येत न्हाई, म्हाराज. पर बाकीची त्याच्या राखणीत गप निजत्यात.”

मानसिंगचा हात पुन्हा चष्म्याच्या डबीवर गेला होता. डबीत चष्म्याखाली दोन पेरं लांबीचा पिवळ्या तारेचा तुकडा होता. साडेचार वर्षं तो या खिशातून त्या खिशात जात होता. दोनदा डबी बदलली, तुकडा तोच राहिला. तो टाकता येत नव्हता असं नाही. टाकला असता तर कुणालाच कळलं नसतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

ती दुपार त्याला मिनिटांनी पाठ होती. त्याची मुलगी प्रियदर्शनी कोरेगावात दिलेली, जावई ऋषिराज सैन्यात, तेव्हा सीमेवर. सासरी घरभर आजारपण शिरलं म्हणून ती दिवस भरलेल्या पोटानं सांगलीला आली. मानसिंगची बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. रुग्णालयाच्या आवारातच पलीकडे प्रसूतीची इमारत होती; मधे एक लिंबाचं झाड आणि शंभर पावलांचं अंगण. दोन वाजून चौतीस मिनिटांनी दगडाबाई आया खोलीच्या दारात आली. उन्हात पळत आल्यामुळे तिचा चेहरा चकाकत होता, मास्क हनुवटीवर उतरला होता. मानसिंगदादा, नात झाली, चला बघायला, ती म्हणाली. त्यानं घड्याळ बघितलं, काटा बघितला. काटा रेषेच्या बराच वर होता. निदान त्याला तसं वाटलं. त्या खोलीत मरणाखेरीज दुसरी कसली बातमी यायची नाही, आणि दारात उभी राहून ही बाई जन्माची बातमी सांगत होती. तो धावला. शंभर पावलं तो तरण्या पोरासारखा धावला. काचेपलीकडे स्टीलच्या तसराळ्यात हिरव्या कापडात गुंडाळलेलं ते मूठभर लाल बाळ, आणि त्याची छाती, भात्यासारखी भरभर खालीवर होणारी. कुणाच्याही मदतीशिवाय ते श्वास घेत होतं. नळी नाही, मास्क नाही, काटा नाही. मानसिंग तो श्वास बघत उभा राहिला. चार मिनिटं झाली असतील असं त्याला वाटलं. परत येताना तो लिंबाखाली क्षणभर थांबलासुद्धा. खोलीत शिरला तेव्हा घड्याळात दोन पंचेचाळीस झाले होते आणि काटा तांबड्या रेषेच्या खाली होता.

किती खाली, हे त्यानं बघितलं आणि त्याच क्षणी विसरला. नंतर कितीदा तरी आठवायचा प्रयत्न केला, पण तिथं फक्त तांबडं दिसायचं. पान्हा हातातून एकदा निसटला. चावी उघडली. काटा चढला. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या क्रांती सिस्टर होत्या. आवाज शांत होता, तेच जास्त भयंकर. मघापासून फोन करतेय, त्या म्हणाल्या, तीनदा केला. आणि मानसिंगच्या तोंडून, त्यानं ठरवायच्या आधीच, निघून गेलं, बेल लागत नाहीये सिस्टर, बिघडलीय, आत्ता सहज उचलला म्हणून.  मग त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. साडेतीनला पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेलं एक शरीर अंगणातून गेलं. त्या दिवशी नऊ गेली. कुठलं कशानं गेलं हे त्या दिवसांत कुणी सांगू शकत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. रजिस्टरमध्ये पावणेतीनच्या ओळीत त्यानं दाब भरला, नेहमीच्या अक्षरात, नेहमीचा आकडा. मग पक्कड घेतली आणि फोनच्या बेलची तार कापली. खोटं बोललो होतो, ते खरं असायला हवं होतं. दोन दिवस बेल मुकी राहिली. वरून काही हवं असलं की वॉर्डबॉय जिने उतरून ओरडत यायचा. तिसऱ्या दिवशी पारस नावाचा वायरमन आला, त्यानं तार जोडली आणि कुणी कापली म्हणून विचारलं. उंदीर असेल, मानसिंग म्हणाला. पारसनं तारेची टोकं उजेडात धरली, सरळ, साफ कापलेली. “सांगलीच्या उंदरांचे दात लय सरळ हाईत, काका,” तो म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून निघून गेला. तार जोडताना त्यानं कापून टाकलेला तुकडा फरशीवर पडला होता. मानसिंगनं तो उचलला.

त्यानंतर तो खोलीबाहेर गेला नाही. लघवीलासुद्धा हमालाला काट्यापाशी बसवून जायचा, धावत जायचा आणि धावत यायचा. डबा तिथंच खायचा. उभ्या-उभ्या झोपायचा. ती भीती होती, साधी, ओली, पाठीतून उतरणारी भीती, पण लांबून ती निष्ठेसारखी दिसायची आणि लोक तिला तेच म्हणू लागले. शाल पांघरताना त्याला वाटलं होतं की आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही.

“त्यांचा भाऊ करोनाच्या दिसांत गेला,” चंद्राबाई चुलीपासून म्हणाली. तिचं बोलणं मानसिंगकडे नव्हतं, निखाऱ्यांकडे होतं. गुंडानं मान हलवली. नाथाजी, माझा धाकटा, तो म्हणाला. सांगलीतच नेला होता. जतला खाट मिळेना, मिरजेत घेईनात, टमटममधून फिरवत शेवटी एका ठिकाणी घेतला.

“त्यास्नी आत नेलं, मी फाटकाभाईर,” चंद्राबाई म्हणाली. “चार दीस. आमच्यात जित्राबसुदीक आसं सोडत न्हाईत. आत माझं मानूस कोण राखत हुतं, त्याचं तोंडबी मी बघितलं न्हाई.”

कुठल्या रुग्णालयात, हे विचारायला एकच शब्द लागला असता, कुठल्या? सांगली-मिरजेत तेव्हा किती तरी ठिकाणी माणसं दाखल होती. दहात नऊ वेळा उत्तर दुसरंच आलं असतं. मानसिंगनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. जेव्हापासून ते घडलं तेव्हापासून तो असाच जगत आला होता. बसमध्ये शेजारी बसलेला, दुधाच्या रांगेत पुढं उभा असलेला, चर्चच्या बाकावर डोळे मिटून प्रार्थना करणारा, ज्याच्या घरातलं कुणी त्या उन्हाळ्यात गेलं असा प्रत्येक माणूस तोच असू शकत होता. म्हणून तो कुणाशीही उन्हाळ्याबद्दल बोलत नसे. आणि उन्हाळ्याबद्दल बोलत नाही म्हणून लोक त्याला नम्र म्हणत.

मेंढरं मिळतील, असं गुंडानं सांगितलं. चार देऊ. चंद्राबाई घेऊन येईल, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ती गोष्ट चंद्राबाईनंच सांगितली. “दोरी माझ्या हातात ऱ्हाईल. मी दारात उभी ऱ्हाईन, आत येनार न्हाई. माझ्या हातातनं दोरी दुसऱ्याच्या हातात जानार न्हाई, मंग तुमचा देव आला तरी.” हे ती हसून म्हणाली. मानसिंग परत निघाला तेव्हा एक कुत्रं रस्त्यापर्यंत त्याच्या मागं आलं, न भुंकता, ठरावीक अंतर राखून, आणि वावराच्या हद्दीला थांबून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं प्रियदर्शनी आणि एस्तेर कोरेगावहून आल्या. एस्तेर देखाव्यात देवदूत होणार होती. पंख तिनं गाडीतच लावले होते आणि ते लावूनच ती रिक्षात बसली होती. साडेचार वर्षांची, काटकुळी, सतत बोलणारी. तिच्याकडे बघताना मानसिंगला तिच्या छातीकडे बघायची सवय होती. ती झोपली की तो अजूनही तिचा श्वास मोजायचा. घरातल्यांना ते आजोबांचं प्रेम वाटायचं. ते प्रेम होतंच, पण त्याच्या आत दुसरं काहीतरी अंग चोरून बसलेलं होतं. त्या पोरीनं घेतलेला प्रत्येक श्वास कुणीतरी आपल्या वाट्यातून दिल्यासारखा त्याला दिसायचा आणि देणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही.

मला पहिल्यांदा कुणी बघितलं, एस्तेरनं खोलीत शिरताच विचारलं. हा तिचा आवडता खेळ होता, उत्तर ठरलेलं होतं. प्रियदर्शनीनं बॅग उघडता उघडता ते दिलं. आजोबांनी. आईच्याही आधी. आजोबा ड्यूटीवर होते, तरी धावत आले. वाढदिवसाला, पाहुण्यांपुढे, फोनवर, ही गोष्ट किती वेळा सांगून झाली होती. ड्यूटीवर होते, तरी. हे तीन शब्द दर वेळी मोठ्यानं, सगळ्यांसमोर उच्चारले जात आणि कुणालाच ऐकू जात नसत. मानसिंगनं दाराची कडी चाचपली. प्रिया, तो म्हणाला, त्या दिवशी मी आलो तेव्हा खोलीत मागे कुणी नव्हतं. ती साडी झटकत होती. माहितीये की, पप्पा, ती म्हणाली. मग हसून तिनं आजवर कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

“मला तुमच्या बुटांचा आवाज येत होता. येताना पळत आलात. जाताना मात्र चालत गेलात, सावकाश. मी पडल्या-पडल्या ऐकत होते. मला वाटलं, आज किती दिवसांनी पप्पा निवांत चालले.”

मानसिंग मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. तिलाही ऐकू गेलं होतं. म्हणजे साक्षीदार होता. साडेचार वर्षं ही साक्ष त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीच्या मनात सुखाची आठवण म्हणून ठेवलेली होती. उद्या त्यानं तोंड उघडलं तर ती आठवण आधी सडणार होती. मुलगी पुन्हा कधी ती गोष्ट सांगणार नव्हती. एस्तेर मोठी झाल्यावर तिला कुणीतरी दुसरी गोष्ट सांगणार होतं. तू जन्मलीस त्या अकरा मिनिटांत. आणि तोंड नाही उघडलं तर तो पाच मिनिटं निष्ठेवर बोलणार होता, नातीच्या पंखांसमोर, दारात दोरी धरून उभ्या असलेल्या बाईसमोर. गप्प राहणं वेगळं आणि त्या गप्प राहण्यावर उभं राहून उपदेश करणं वेगळं. आजवर त्यानं फक्त पहिलं केलं होतं. पाणी बादलीतून वाहून जात होतं. एस्तेरनं बाहेरून दार वाजवलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या थापेपर्यंत त्याला हलता आलं नाही.

रविवारी सकाळी चर्च भरलं होतं. झुरमुळ्या, चांदणी, पुठ्ठ्याची गव्हाण, बाकांवर स्वेटर घातलेली माणसं. चंद्राबाई साडेनऊलाच आली होती. बाजूच्या उघड्या दाराबाहेर, उन्हात, चार मेंढरांच्या दोऱ्या मुठीला गुंडाळून ती उभी होती. पाळकांनी आत येऊन बसा म्हणून दोनदा सांगितलं, खुर्ची पाठवली. ती बसली नाही. देखावा झाला. एस्तेरनं हात वर करून बाळ जन्मल्याची बातमी एका दमात सांगितली आणि चादरी पांघरलेले मेंढपाळ बाकांमधून धावत गेले, एकाचा पाय अडखळला, मंडळी हसली. मेंढपाळ धावले तशी दाराबाहेरची मेंढरं बिथरली. चंद्राबाईनं दोऱ्या आवळल्या. ती नाटक बघत नव्हती, मेंढरांकडे बघत होती. मग पाळकांनी त्याचं नाव घेतलं, शालीचा उल्लेख केला, तेवीस दिवसांचा उल्लेख केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्यासपीठावर त्यानं कागद उलगडला. ऐकणं, जाणं, सांगणं. त्यानं पहिले दोन मुद्दे सांगितले. मेंढपाळांनी ऐकलं, ते गेले. आवाज नीट येत होता, प्रियदर्शनी तिसऱ्या बाकावरून फोननं चित्रण करत होती. तिसऱ्या मुद्द्यापाशी तो थांबला.   त्यानं खिशातून डबी काढली. त्याला चष्मा हवा असेल असं लोकांना वाटलं. त्यानं चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तारेचा तुकडा व्यासपीठावर, उघड्या बायबलवर ठेवला. इतका लहान, की पहिल्या बाकालाही दिसला नसेल.

एका धनगरानं मला विचारलं, तो म्हणाला, की सगळे गेले तर मेंढरांपाशी कोण होतं. मला उत्तर माहीत होतं. कुणी नव्हतं. मग त्यानं सांगितलं, घटना जशी लिहावी तशी, वेळ आणि क्रम धरून. दोन चौतीस. दोन पंचेचाळीस. तीनदा वाजलेला फोन. बेल बिघडल्याचं खोटं. पक्कड. रजिस्टरातला आकडा. नातीचं नाव त्यानं घेतलं नाही, पण घ्यायची गरज नव्हती. तिसऱ्या बाकावरचा फोन हळूहळू खाली आला. पाळक अर्धे उठले आणि उठायचं की बसायचं हे न कळून तसेच राहिले. एस्तेर गव्हाणीपाशी बसून पंखाची चमकी खरवडत होती. त्या अकरा मिनिटांत कुणाचं गेलं मला माहीत नाही, तो म्हणाला, मी कधी विचारलं नाही.  बाकांवर राग नव्हता, रडणं नव्हतं. सगळे आपापल्या उन्हाळ्यात मागं गेले होते आणि तारखा शोधत होते. ते त्याला चेहऱ्यांवर स्पष्ट दिसलं. निदान बारा-तेरा चेहरे.

“कंचा वार हुता?”

आवाज दारातून आला. चढा नव्हता. सगळ्यांनी माना वळवल्या.

मानसिंगला वार पाठ होता. “मंगळवार,” तो म्हणाला. “अठरा तारीख.”

“कंचा दवाखाना?”

त्यानं नाव सांगितलं.

 चंद्राबाई त्याच्याकडे बघत राहिली, फाटकाबाहेरून चार दिवस जे तोंड दिसलं नव्हतं ते आता नीट, सावकाश बघून घेत असल्यासारखी. मग तिनं मुठीकडे पाहिलं आणि बोटांवरचे दोऱ्यांचे वेढे एकेक करून सोडले. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि ती बाकांच्या मधल्या वाटेनं व्यासपीठाकडे चालत यायला लागली, अजिबात घाई न करता.

बाहेर, रस्त्यावर, एका मोठ्या गाडीचा भोंगा वाजला. मेंढरांपाशी कुणी नव्हतं.